ऑफर हातात आहे, पण नोकरी नकोय... मग करायचं काय?

सकाळी आठच्या सुमाराला दिवा स्टेशनवर कधी उभं राहून बघा. कर्जत-कसाऱ्याकडून लोकल येते ती दारापर्यंत गच्च भरूनच. गाडी थांबायच्या आधीच तुमच्या डोक्यात हिशोब सुरू झालेला असतो. चढायचं की सोडायची? सोडली तर मागची मोकळी असेल का? की ती पण अशीच? आणि तीही सोडली तर लेक्चरचं काय? दिव्याला राहणाऱ्या माणसाला नकार द्यायची ही प्रॅक्टिस रोज, अगदी फुकटात मिळते!

असं मला वाटायचं. गेल्या ऑगस्टमध्ये, सातव्या सेमिस्टरला, एका कंपनीचं सिलेक्शन माझ्या हातात आलं आणि ती नोकरी मला नको होती, तेव्हा कळलं की आपल्याला काहीच प्रॅक्टिस नाही. या विषयावर कोणी सिनियरने लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही. इंटरव्ह्यू कसा द्यावा, टाय कुठला लावावा, 'टेल मी अबाउट युअरसेल्फ'ला काय बोलावं, हे सांगणारे शंभर जण भेटतात. सिलेक्शन झाल्यावर 'नको' कसं म्हणायचं, मुळात म्हणावं की नाही, हे कोणीच सांगत नाही. म्हणून हा लेख. आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आहे, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात. (मराठी विभागाला लेख कमी आलेत म्हणून त्यांनीच माझ्या मागे लकडा लावला होता!)

काय झालं होतं?

मी इलेक्ट्रिकलची. कंपनी आयटी सपोर्टची. नाव सांगत नाही, कारण चूक कंपनीची नव्हती. वर्गातले सगळे फॉर्म भरत होते म्हणून मीही भरला. ॲप्टिट्यूड झाली, टेक्निकल झाला, एचआर राउंड झाला. एचआर मॅडमनी विचारलं, "शिफ्टला काही प्रॉब्लेम?" मी हसून म्हटलं, "नो प्रॉब्लेम, मॅम." पुढचा प्रश्न, "बॉण्डला?" त्यालाही "नो प्रॉब्लेम!" संध्याकाळी लिस्ट लागली आणि तिच्यात माझं नाव होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कॅन्टीनमध्ये माझ्याच पैशांनी समोसे खाल्ले. रात्री घरी येऊन ऑफरचा मेल नीट वाचला तेव्हा पोटात गोळा आला.

कामाची वेळ संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. ऑफिस ऐरोलीला, पण पुढे 'कंपनी सांगेल तिथे'. पॅकेज वर्षाला ३ लाख ६० हजार. दोन वर्षांचा बॉण्ड, आधी सोडलं तर दीड लाख भरा. उत्तर द्यायला ४८ तास. शिवाय आमच्या कॉलेजचा नियम आहे, एक विद्यार्थी, एक नोकरी. सिलेक्ट झालात की पुढच्या कंपन्यांना बसता येणार नाही. म्हणजे ही घेतली की ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअरच्या कंपन्या, ज्यांच्यासाठी मी इलेक्ट्रिकल घेतलं होतं, त्यांचं दार बंद.

आई म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागू नकोस." बाबा काहीच बोलले नाहीत. बाबा बावीस वर्षं दिवा ते मस्जिद लोकलने जातायत आणि त्यांच्या रिटायरमेंटला तीन वर्षं राहिली आहेत. माझ्या फीसाठी ३ लाखांचं एज्युकेशन लोन आहे. म्हणजे 'मनाचं ऐक, पॅशन फॉलो कर' वगैरे डायलॉग आमच्या घरात परवडणारे नाहीत. मग मी त्या ४८ तासांत एक-एक प्रश्न कागदावर लिहीत गेले. तेच आता तुमच्यासाठी क्रमाने मांडते.

प्रश्न पहिला : नको आहे, पण नेमकं काय नको आहे?

हा सगळ्यात सोपा वाटतो आणि इथेच घोळ होतो. मी आधी लिहिलं, 'ही नोकरी मला नको.' मग त्याखाली कारणं लिहिली. रात्रपाळी. बॉण्ड. कामाचा माझ्या ब्रँचशी संबंध नाही. पगार कमी. आणि अगदी शेवटी, खरं खरं लिहायचं म्हणून, 'अमुकला याच्यापेक्षा जास्त पॅकेज मिळालं.' हे शेवटचं कारण मी लगेच खोडलं. तुमच्या यादीतही ते निघेल, तुम्हीही खोडा.

उरलेल्या कारणांचे दोन गट पाडा. विचारून बदलू शकेल असं एकीकडे, काही केल्या बदलणार नाही असं दुसरीकडे. शिफ्ट, पोस्टिंगचं गाव, जॉइनिंगची तारीख हे कधी कधी विचारून बदलतं. कामाचं स्वरूप बदलत नाही. मी एचआर मॅडमना फोन करून शिफ्टचं विचारलं. त्या चांगल्या बोलल्या, पण पहिलं वर्ष शिफ्ट हीच. घरी सोडायला कॅब आहे का? आहे, पण दिव्यात गाडी येत नाही, शिळफाट्याला सोडतील. पहाटे साडेतीनला शिळफाटा! लोकल त्या वेळी नसते, रिक्षाही मिळेल याची खात्री नाही.

मुलींनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचं असेल तर तिची संमती लागते, आणि सुरक्षिततेबरोबर तिला कामाच्या ठिकाणाहून घराच्या दारापर्यंत पोचवायची सोय करावी लागते. घराच्या दारापर्यंत, शिळफाट्यापर्यंत नव्हे! आपण 'नो प्रॉब्लेम मॅम' म्हणतो ना, तीच आपली संमती धरली जाते. म्हणून ते बोलण्याआधी दोन सेकंद थांबावं.

आणि फक्त मुलींचाच प्रश्न नाही. आपल्या लाइनवर नोकरीचा अर्धा भाग म्हणजे प्रवास. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या जवळून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला. ती जागा आमच्या दिव्याच्या पुढची. त्या दिवसापासून बाबा घरी येईपर्यंत आई गॅलरीतून हलत नाही. तेव्हा 'ऑफिस कुठे आणि किती वाजता' हा प्रश्न विचारायला लाजू नका.

प्रश्न दुसरा : पॅकेज म्हणजे पगार नव्हे!

३ लाख ६० हजार भागिले १२ म्हणजे महिना ३० हजार, असा हिशोब मी कॅन्टीनमध्येच करून टाकला होता. चूक! सीटीसी म्हणजे कंपनीला तुम्ही वर्षाला कितीला पडता तो आकडा. तुमच्या हातात काय येतं ते वेगळं. माझ्या ऑफरमधला हिशोब असा होता.

३,६०,००० मधून ३६,००० व्हेरिएबल. कामगिरी चांगली झाली तर वर्षाच्या शेवटी मिळणार, नाहीतर नाही. बेसिक महिना १५,००० म्हणून कंपनीचा पीएफ १२ टक्क्यांनी १,८००, म्हणजे वर्षाला २१,६००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे ८,६५८. ती सर्वसाधारणपणे पाच वर्षं सलग नोकरी केल्यावर मिळते, आणि मला तर दोन वर्षंच काढायची चिंता! इन्शुरन्सचे ६,०००. हे सगळं वजा करून उरले २,८७,७४२. भागिले १२, म्हणजे साधारण २३,९७८. त्यातून माझ्या वाटणीचा पीएफ १,८०० गेला. हातात २२,१७८.

यात मुलींना एक छोटा फायदा आहे. महाराष्ट्रात २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर माफ आहे. मुलांचे मात्र महिन्याला २०० रुपये जातात, फेब्रुवारीत ३००.

आता दुसरी बाजू. ३ लाखांचं लोन, व्याज १० टक्के, ७ वर्षांत फेडायचं तर हप्ता साधारण ४,९८० येतो. (कोर्स चालू असतानाचं व्याज त्यात धरलेलं नाही.) एज्युकेशन लोनला बहुतेक वेळा कोर्स संपल्यावर वर्षभराची सवलत असते. माझ्या बँकेच्या कागदांवर ती आहे. म्हणजे हप्ता लगेच सुरू होणार नाही. ही एक ओळ माझ्यासाठी फार महत्त्वाची ठरली, कारण त्या ओळीमुळे माझ्याकडे किती वेळ आहे ते कळलं. तुमचे लोनचे कागद कपाटातून काढा आणि वाचा. आपण सहीपुरते बघतो आणि ठेवून देतो.

ज्याच्या घरी पुढच्या जूनपासून पगार लागणारच आहे, त्याने पुढचे प्रश्न वाचावेत, पण निर्णय बराचसा इथेच होतो. नको असलेली नोकरी घेणं यात कमीपणा काही नाही. माझ्या बेंच पार्टनरने हीच ऑफर घेतली. ती डोंबिवलीची, घरात कमावणारं दुसरं कोणी नाही, आणि तिला आयटीत जायचंच होतं. तिचा निर्णय तिच्यासाठी बरोबर आहे. ऑफर तीच, हिशोब वेगळा.

प्रश्न तिसरा : बॉण्डला घाबरायचं का?

हॉस्टेलवर याबाबत दोन मतं आहेत. एक, 'बॉण्ड म्हणजे दोन वर्षं जेल.' दुसरं, 'बॉण्डला काही अर्थ नसतो यार, कोर्टात टिकत नाही.' दोन्ही चूक. मी याबद्दल जे वाचलं त्यात एक केस अशी निघाली की मी उडालेच, कारण ती आपल्या कल्याणची आहे!

शहाडची सेंच्युरी रेयॉन सगळ्यांना माहीत आहे. १९६० च्या दशकात तिथे टायर कॉर्डचं सूत बनवायचं तंत्रज्ञान हॉलंडच्या एका कंपनीकडून, गुप्त ठेवायच्या अटीवर आलं होतं. त्या विभागात एका तरुण शिफ्ट सुपरवायझरने १६ मार्च १९६३ पासून पाच वर्षांचा करार केला. कंपनीने त्याला ट्रेनिंग दिलं. १९६४ च्या ऑक्टोबरअखेर त्याने राजीनामा दिला आणि जास्त पगारावर कोट्याच्या, तेच सूत बनवणाऱ्या राजस्थान रेयॉनमध्ये गेला. कंपनीने कल्याणच्या कोर्टात दावा लावला. तो थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १७ जानेवारी १९६७ ला निकाल लागला : 'निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग'. कर्मचारी हरला. कोर्टाने म्हटलं की करार चालू असतानाच्या काळात दुसरीकडे काम न करण्याची अट, ती अवाजवी किंवा एकतर्फी नसेल तर, लागू होते. कराराची मुदत संपेपर्यंत त्याला दुसरीकडे तसलंच काम करायला मनाई झाली. लॉ कॉलेजात ही केस आजही शिकवतात. शहाडवरून रोज जाणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे?

दुसरी केस अगदी अलीकडची, १४ मे २०२५ ची. विजया बँकेतल्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षं नोकरी करीन, नाहीतर २ लाख भरीन असं लिहून दिलं होतं. मुदतीआधी तो दुसऱ्या बँकेत गेला, २ लाख भरले आणि ते परत मिळावेत म्हणून कोर्टात गेला. कर्नाटक हायकोर्टात जिंकला, सुप्रीम कोर्टात हरला. सरकारी बँकेला भरतीची सगळी प्रक्रिया परत करावी लागते, त्याचा खर्च असतो, त्यामुळे ही अट गैर नाही असं कोर्टाने म्हटलं.

मग कर्मचाऱ्याच्या बाजूने काहीच नाही का? आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे कोणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द असतो, म्हणून नोकरी आणि मुदत दोन्ही संपल्यावर 'दुसऱ्या कंपनीत जाऊ नकोस' ही अट सहसा टिकत नाही. ७४ व्या कलमाप्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे. कोर्ट त्याच्या आत राहून वाजवी भरपाई ठरवतं, आकडा लिहिलाय म्हणून तेवढा मिळालाच पाहिजे असं नाही. आणि कोणतंही कोर्ट तुम्हाला हाताला धरून त्याच खुर्चीवर बसवत नाही. म्हणजे जेल नाही, पण खिशाला चाट बसू शकते.

या सगळ्यातून मला कळलेली गोष्ट एवढीच : वर सांगितलेल्या दोन्ही केसेस सही केल्यानंतरच्या आहेत. सही करायच्या आधी नकार दिला तर बॉण्डचा प्रश्नच येत नाही. सिलेक्शन झालं म्हणजे करार झाला असं नाही. कंपनीने प्रस्ताव ठेवला, तो तुम्ही स्वीकारलात, तर करार. म्हणून 'आत्ता घेऊन ठेवू, नंतर बघू' हा जो सगळ्यांचा आवडता सल्ला आहे, तोच सगळ्यात महाग पडू शकतो. आणि हो, ओरिजिनल मार्कशीट कोणाकडेही ठेवून घेऊ देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या.

प्रश्न चौथा : मागची गाडी येईल का?

हा खरा इंजिनिअरिंगवाला प्रश्न. गणितात यावर एक प्रसिद्ध कोडं आहे, त्याला 'सेक्रेटरी प्रॉब्लेम' म्हणतात. १९६० मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या सदरात ते दिलं आणि ते जगभर गाजलं. उमेदवार एकामागून एक येतात, एकदा नाकारलेला परत मिळत नाही, तर सगळ्यात चांगला कसा निवडायचा? उत्तर असं की पहिले साधारण ३७ टक्के नुसते बघून सोडून द्या, मग त्या सगळ्यांपेक्षा चांगला जो पहिला येईल तो घ्या. हे ३७ टक्के म्हणजे एकाला e ने भागल्यावर येणारं ०.३६८. एम-थ्रीमध्ये न भेटलेला e इथे भेटला!

मी खूश. आमच्याकडे समजा आठ कंपन्या येणार, तर पहिल्या तीन सोडायच्या. सर्वोत्तम मिळायची शक्यता ४१ टक्के. ही दुसरीच कंपनी होती. सोडा!

पण बसून नीट विचार केला तर या नियमात दोन भोकं दिसली. एक, सर्वोत्तम कंपनी पहिल्या तिनातच असेल तर? त्याची शक्यता आठात तीन, म्हणजे साडेसदतीस टक्के. तसं झालं तर पुढे कोणीच तिच्यापेक्षा चांगलं येणार नाही आणि तुम्ही शेवटी जे उरेल त्यावर येता. दोन, हा नियम 'सर्वोत्तम नाहीतर शून्य' असा विचार करतो. आपलं तसं नसतं. दुसऱ्या नंबरची नोकरीही चालते, चौथ्या नंबरचीही पळते. शिवाय कोड्यात निवडणारे आपण असतो. इथे तर कंपनीनेही आपल्याला निवडायला हवं ना!

म्हणून मी साधं गणित केलं. माझ्या ब्रँचच्या पाच कंपन्या अजून यायच्या आहेत असं टीपीओ ऑफिसमधून कळलं. प्रत्येकीत माझं होण्याची शक्यता पाचात एक धरली. पाचही ठिकाणी न होण्याची शक्यता ०.८ चा पाचवा घात, म्हणजे ०.३३. म्हणजे कुठेतरी लागायची शक्यता ६७ टक्के. ऐकायला बरं वाटतं. पण यातही फसवणूक आहे, कारण या पाच घटना स्वतंत्र नाहीत. माझा पॉइंटर तोच, माझं कच्चं कंट्रोल सिस्टिम्स तेच. पहिल्या ठिकाणी ज्या कारणाने पडेन त्याच कारणाने दुसरीकडेही पडेन. म्हणून ६७ चे मी ५० केले. छापा-काटा. हा आकडा घेऊन मी आई-बाबांसमोर बसले. 'होईल काहीतरी' यापेक्षा 'अर्धी शक्यता आहे की जूनपर्यंत काहीच नसेल' हे सांगणं जास्त प्रामाणिक होतं.

हातातली ऑफर तरी शंभर टक्के असते का? तेही नाही. २०२२ मध्ये निवड झालेल्या कित्येक फ्रेशर्सचं जॉइनिंग महिनोन्‌महिने लांबलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर असलेल्या फ्रेशर्सना साडेतीन लाखांवर यायला तयार आहात का असं विचारलं, हे तेव्हा पेपरात आलं होतं. म्हणून हातातल्या ऑफरलाही १ नव्हे, ०.८-०.९ नेच गुणावं.

प्रश्न पाचवा : याला नाही, तर कशाला हो?

शेवटी बाबा बोलले. म्हणाले, "आगरकरांनी आईला पत्र लिहिलं होतं, मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नकोस म्हणून. वाचलंयस?" मी नव्हतं वाचलं. कॉन्व्हेंट! मग त्यांनी सांगितलं. मला वाटलं, बाबा आता म्हणणार, तूही सोड. पण ते म्हणाले, "अगं, पण आगरकरांचं पुढचं ठरलेलं होतं. टिळक-चिपळूणकरांनी १८८० ला शाळा काढलेली होती, त्यात जायचं होतं. तुझं काय ठरलंय ते सांग."

यावर मला पटकन उत्तर देता आलं नाही. ती रात्र मी त्यावर घालवली. सकाळी त्यांना एक पान दिलं. त्यावर पाच कंपन्यांची नावं, त्यातल्या प्रत्येकीच्या टेस्टसाठी काय कच्चं आहे ते, गेटचा फॉर्म, आणि काहीच नाही झालं तर ॲप्रेंटिसशिप. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली इंजिनिअरिंग ग्रॅज्युएटना वर्षभर कंपनीत शिकायला मिळतं आणि स्टायपेंड मिळतो. कमी मिळतो, पण काम माझ्या ब्रँचचं असतं. बाबांनी पान वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि ७.५२ पकडायला गेले. जाताना म्हणाले, "मग सरांना आजच सांग. उद्यावर ढकलू नकोस."

नकार कसा द्यायचा?

आधी टीपीओ सरांना भेटले, मेल नंतर केला. सर रागावले. म्हणाले, "नको होती तर इंटरव्ह्यूला बसलीसच कशाला? तुझ्या जागी वेटिंग लिस्टमधला एक बसला असता." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. माझी खरी चूक नकार देण्यात नव्हती, 'नो प्रॉब्लेम मॅम'मध्ये होती. जे कागदावर त्या दोन रात्रींत लिहिलं, ते फॉर्म भरायच्या आधी लिहायला हवं होतं. सरांनी पुढच्या दोन कंपन्यांना बसू देणार नाही असं सांगितलं. शिक्षा म्हणून. मी मान्य केलं. म्हणजे पाचाच्या तीन झाल्या, आणि माझे ५० टक्के अजून खाली आले. हेही तुमच्या हिशोबात धरा. कॉलेजचा नियम आधी विचारा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

मग एचआर मॅडमना फोन केला आणि त्यानंतर मेल. चारच ओळी : संधीबद्दल आभार. विचार करून मी ही ऑफर स्वीकारू शकत नाही. शिफ्ट आणि कामाचं क्षेत्र यांबद्दल इंटरव्ह्यूमध्ये मी स्पष्ट बोलायला हवं होतं, त्याबद्दल क्षमस्व. वेटिंग लिस्टमधल्या विद्यार्थ्याला संधी मिळावी म्हणून लगेच कळवत आहे. बस्स. आजीला बरं नाही, गावी जायचंय, लग्न ठरतंय, असलं काही लिहू नका. खोटं कारण दिलं की समोरचा त्याच्यावर उपाय सुचवतो आणि तुम्ही अजून अडकता. आणि फोन बंद करून गप्प बसणं तर सगळ्यात वाईट. तुम्ही गायब झालात की पुढच्या वर्षी ती कंपनी आपल्या ज्युनिअर्सकडे फिरकत नाही.

मॅडम म्हणाल्या, "आत्ता सांगितलंत ते बरं झालं." दोन दिवसांनी आमच्याच वर्गातल्या, वेटिंगवरच्या एका मुलाला ती नोकरी मिळाली. त्याने मला समोसा खाऊ घातला!

आता माझं काय? तीनपैकी दोन कंपन्या येऊन गेल्या. एकीत टेस्टलाच गेले, दुसरीत शेवटच्या राउंडला पडले. ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगवरचा प्रश्न नाही आला. एक राहिली आहे. हे लिहिताना माझ्या हातात नोकरी नाही, आणि बेंच पार्टनरच्या जॉइनिंगच्या गप्पा ऐकताना कधी कधी पोटात कालवतं, ते लपवत नाही. पण त्या दोन रात्रींचा कागद काढून बघते तेव्हा त्यातलं एकही वाक्य खोडावंसं वाटत नाही. सध्या बुशिंग वाचतेय.

मित्रमैत्रिणींनो, गाडी सोडायची असेल तर प्लॅटफॉर्मवरच सोडा. एक पाय दारात ठेवून विचार करू नका, आपल्या लाइनवर ते जमत नाही. आणि चढायचं ठरवलंत, तर मग बिनधास्त चढा, आत सरका, मागच्याला जागा द्या.

तुमच्या इंटरव्ह्यूंना शुभेच्छा! माझ्यासाठीही एक मागा.